हातचे राखलेले दहा गुण

आटपाडीत मला दोन नावं आहेत. तोंडावर ऐवळे सर आणि पाठीमागं दहाकाप्या. दुसऱ्या नावाचा मला कधी राग आला नाही, उलट आतून बरंच वाटायचं. बावीस वर्षं मी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो, आणि बावीस वर्षं डिसेंबरातल्या पूर्वपरीक्षेत प्रत्येक पोराचे दहा गुण कापत आलो. पेपर ऐंशी गुणांच्या लायकीचा असेल तर सत्तर, साठच्या असेल तर पन्नास. एकक लिहिलं नाही, आकृती पेनानं काढली, बाण उलटा दाखवला, असं काहीतरी निमित्त शोधायचं आणि दहा काढून घ्यायचे.

मी नवा असताना जुन्या प्राचार्यांनीच हे शिकवलं होतं. ‘‘ऐवळे, खरे गुण दाखवले की पोरं शेफारत्यात,’’ ते म्हणाले होते. ‘‘हातचं राखून द्या. बोर्डात आपोआप वाढत्यात.’’ आणि खरंच वाढायचे. पूर्वपरीक्षेत सत्तर घेऊन रडत घरी गेलेलं पोर बोर्डात ऐंशी आणायचं. ते पोर मुळात ऐंशीचंच होतं, हे मला ठाऊक होतं. तरी पेढे खाताना श्रेय मी घ्यायचोच.

माझ्या मुलीचेही कापले होते. मृण्मयीचा पेपर एक्काहत्तरचा होता, मी एकसष्ट दिले. बापानं पोरीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, हा माझा तोरा. तिनं त्या एकसष्टांवरून ठरवून टाकलं की विज्ञान आपल्या आवाक्यातलं नाही, आणि बारावीनंतर वकिलीला गेली. आज पुण्यात तिचं बरं चाललंय. पण माझ्याशी बोलताना ती अजूनही अशिलाशी बोलल्यासारखी बोलते.

तीन वर्षांपूर्वी प्रवेशपरीक्षा बंद झाल्या. पेपर फुटून फुटून लोकांचा त्यांच्यावरचा विश्वास उडाला होता. त्यांच्या जागी शर्तपत्रं आली. पद्धत सोपी होती. डिसेंबरात शिक्षकानं प्रत्येक मुलाचा बोर्डातला अपेक्षित गुण कळवायचा. त्यावरून विद्यापीठं जानेवारीत मुलांना पत्रं पाठवणार, की अमुक विषयात इतके गुण पडले तर जागा तुझी. मुलानं दोन पत्रं हातात ठेवायची, एक मनातलं आणि एक आधाराचं. मे महिन्यात निकाल लागला की ज्याची शर्त पुरी झाली ती जागा पक्की. दोन्ही शर्ती हुकल्या, तर उरलेल्या जागांच्या फेरीत कुणालाच नको असलेलं जे उरेल ते घ्यायचं. आणि शर्तपत्रं आयुष्यात एकदाच, बारावीच्या वर्षी.

शिक्षकाचा अंदाज आणि विद्यापीठ यांच्या मध्ये एक यंत्र बसलं होतं. त्याचं नाव पारख. ते प्रत्येक शिक्षकाचा शब्द किती भरवशाचा आहे हे तपासायचं आणि दर वर्षी त्याला एक श्रेणी द्यायचं. आत काय गणित चालतं हे प्रवेश मंडळ सांगत नसे. सांगितलं असतं तर आम्ही मास्तरांनी महिन्याभरात त्यातून पळवाट काढली असती, हेही खरंच.

पहिल्याच वर्षी मला ‘अतिविश्वसनीय’ अशी श्रेणी आली. तालुक्यात एकट्याला. मी ते पत्र शिक्षकखोलीत फळ्याशेजारी लावलं आणि ते सगळ्यांनी वाचलं की नाही याकडं आठवडाभर लक्ष ठेवलं. पूर्वपरीक्षेचे गुण मी जसेच्या तसे, म्हणजे दहा कापून, अपेक्षित म्हणून कळवत होतो. मला वाटलं, बघा, यंत्रालासुद्धा कडक मास्तर कळतो.

एक गोष्ट तेवढी नजरेत यायची. मी सत्तर कळवलेल्या पोराला शर्त यायची सत्याहत्तरची. साठवाल्याला सदुसष्टाची. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीनं लावला. विद्यापीठंही माझ्यासारखीच आहेत, पोरांना जरा ताणून धरतात, असं मला वाटलं. पोरांना ऐंशी पडायचे, सत्याहत्तरची शर्त पुरी व्हायची, आणि पेढे यायचे.

कार्तिकी होनमाने तिसऱ्या वर्षीच्या तुकडीत होती. वडील सोनं गाळायच्या कामाला सेलमला, वर्षातून दोनदा घरी येणारे. आई मनीषाताई डाळिंबाच्या शेडमध्ये प्रतवारी करायची, म्हणजे फळं आकार आणि डाग बघून वेगवेगळ्या क्रेटमध्ये लावायची. पोरगी वर्गात फार बोलायची नाही, पण विचारायची ते नेमकं. एकदा तिनं विचारलं, की दोन गावांच्या विहिरी एकाच थरातलं पाणी ओढत असतील तर एका गावानं बोअर मारल्यावर दुसऱ्याचं पाणी किती दिवसांनी उतरेल, हे गणितानं काढता येतं का. येतं, म्हणालो. मग म्हणाली, मला तेच शिकायचंय. भूजलशास्त्र. ते आमच्या भागात एकाच ठिकाणी होतं, कृष्णाकाठ विद्यापीठात, आणि तिथली शर्त भौतिकशास्त्रात पंच्याऐंशीच्या आसपास असायची.

बावीस वर्षांत मला पुष्कळ हुशार पोरं मिळाली, पण ही माझी सगळ्यात लाडकी होती. ते मी कधी दाखवलं नाही. दाखवायची सवयच नाही.

तिची पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिका अठ्ठ्याऐंशीची होती. तांबड्या पेनानं मी दहा कापून अठ्ठ्याहत्तर लिहिले. दुसऱ्या दिवशी ती शिक्षकखोलीच्या दाराशी उभी राहिली.

‘‘सर, एक विचारू?’’

‘‘विचार.’’

‘‘सगळी म्हणत्यात, सर दहा कापत्यात. मग माझे खरे किती?’’

‘‘जे लिहिलेत ते.’’

ती हसली नाही की रडली नाही. ‘‘अठ्ठ्याहत्तर खरे असतील तर मी कृष्णाकाठचा नाद सोडते, सर. आईला शेडमधी एक बाई कमीच पडतीया,’’ एवढं म्हणून गेली.

त्या रविवारी मृण्मयीचा फोन आला. बोलता बोलता मी कार्तिकीचं सांगितलं. मग ती म्हणाली, ‘‘बाबा, या एका मुलीला तरी खरं सांगा. मला एक्काहत्तर होते हे मला तुम्ही सात वर्षांनी सांगितलंत.’’

मला ते लागलं. सोमवारी मी कार्तिकीला बोलावून उत्तरपत्रिका तिच्यापुढं ठेवली, अठ्ठ्याहत्तर खोडून अठ्ठ्याऐंशी केले आणि सही केली. तिच्या तोंडावर जे उमटलं ते पाहून वाटलं, बावीस वर्षं मी हे सुख उगाच नाकारलं स्वतःला. त्याच दुपारी मंडळाकडं अंदाज पाठवले. एकोणसाठ पोरांचे नेहमीसारखे दहा कमी. कार्तिकीचे अठ्ठ्याऐंशी, खरेखुरे.

जानेवारीत पत्रं आली. कार्तिकीला दोन. एक हैदराबादच्या जलविज्ञान संस्थेचं, तिथं आमच्या तालुक्यातून कधी कुणी गेलेलं नव्हतं. शर्त पंच्याण्णव. दुसरं दिल्लीचं, शर्त चौऱ्याण्णव. कृष्णाकाठचं पत्र आलंच नाही.

मनीषाताई शेडमधून तशीच, डोक्याला फडकं बांधलेली, कॉलेजात आली. ‘‘सर, लेकीनं हैदराबाद घेतलं की वो,’’ म्हणाली आणि वाकून पाया पडायला लागली. मी मागं सरलो. सगळं कॉलेज खुश होतं. फक्त कार्तिकी दोन्ही पत्रं हातात धरून उभी होती.

‘‘सर, कृष्णाकाठचं का न्हाई आलं?’’

‘‘आता कृष्णाकाठ कशाला पाहिजे तुला?’’

‘‘आधाराला. पंच्याण्णव पडतील का, सर?’’

इथं माझ्या मनात पाल चुकचुकली. अठ्ठ्याऐंशीला पंच्याण्णव, म्हणजे नेहमीसारखे सातच जास्त मागितले होते. पण बाकीच्यांच्या मागं माझे हातचे दहा असायचे. हिच्या मागं काही नव्हतं. हे मला तेव्हाच कळलं होतं, मी नाही म्हणत नाही. पण समोर ती उभी, तिची आई उभी, आणि फळ्याशेजारी माझी अतिविश्वसनीय श्रेणी.

‘‘पडतील,’’ मी म्हणालो.

मग मी तिला दोन महिने जुंपलं. सकाळी सातला कॉलेज उघडायच्या आधी तासभर, संध्याकाळी तासभर. ती कधी कंटाळली नाही. पण प्रत्येक पोराची एक उंची असते आणि ती वर्षभरात ठरलेली असते. मार्चपर्यंत मी तिच्याकडून नऊ सराव पेपर सोडवून घेतले. सत्त्याऐंशी, एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी. नव्वदच्या वर एकदाच गेली.

मे महिन्यात निकाल लागला. भौतिकशास्त्रात अठ्ठ्याऐंशी.

मी सांगितले होते तेवढेच, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. दुपारपर्यंत तिच्या मोबाइलवर दोन ओळी आल्या. हैदराबादची जागा रद्द. दिल्लीची जागा रद्द. तेलही गेलं, तूपही गेलं. उरलेल्या जागांच्या फेरीत तिला चंद्रपूरला हॉटेल व्यवस्थापन मिळत होतं. तिच्या वर्गातल्या प्रशांत नावाच्या पोराला भौतिकशास्त्रात शहाऐंशी पडले आणि त्याला कृष्णाकाठ मिळालं. त्याचे मी शहात्तर कळवले होते.

कार्तिकी कॉलेजात आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘मी कमी पडले, सर. तुम्ही एवढा शब्द टाकला माझ्यासाठी.’’

माझ्याच वर्गात बसून गेलेला तौफिक मुलाणी आता पुण्यात प्रवेश मंडळाच्या आकडेशाखेत होता. दुसऱ्या दिवशी एसटी पकडून मी त्याच्याकडं गेलो.

त्यानं मला कॅन्टीनमध्ये बसवलं. मी सगळं सांगितलं. कापलेले दहा गुणही सांगितले. तो चहा ढवळत ऐकत होता. शेवटी म्हणाला, ‘‘सर, हे इथं कुणाला बोलू नका. आणि तुम्ही दहा कापता हे पारखला तुम्ही सांगायच्या आधीपासून ठाऊक आहे.’’

‘‘कसं?’’

‘‘तुमच्या घरातलं घड्याळ रोज दहा मिनिटं मागं असलं, तर तुमची एसटी चुकते का? नाही चुकत. तुम्ही दहा मिळवता आणि निघता. एसटी चुकते ती कधी पाच मिनिटं मागं, कधी वीस पुढं असलेल्या घड्याळानं. पारख शिक्षकाचं घड्याळ बरोबर आहे का, हे बघतच नाही. ते दर वेळी तेवढंच चुकतं का, इतकंच बघतं. तुमच्या कॉलेजच्या दहा वर्षांच्या पूर्वपरीक्षा मंडळाकडं आहेत. एका बाजूला तुम्ही दिलेले गुण, दुसऱ्या बाजूला बोर्डाचे. दर वर्षी फरक दहा. कधी नऊ, कधी अकरा. इतका एकसारखा चुकणारा माणूस राज्यात शंभरसुद्धा नसेल. म्हणून तुम्ही अतिविश्वसनीय. तुम्ही लिहिलं की यंत्र दहा मिळवतं आणि डोळे झाकून पुढं पाठवतं. जो मास्तर मनाला येईल तसा चुकतो, त्याचा शब्द ते बाजूला ठेवतं आणि त्या कॉलेजची सरासरी धरतं.’’

‘‘म्हणजे कार्तिकीचे...’’

‘‘अठ्ठ्याण्णव झाले. आणि अठ्ठ्याण्णवच्या मुलीला कृष्णाकाठ कशाला पत्र धाडेल? ती येणार नाही, जागा रिकामी राहणार, रिकाम्या जागांवरून त्यांचं अनुदान कापलं जाणार. म्हणून आवाक्याबाहेरच्या मुलांना ती पत्रंच पाठवत नाहीत.’’ त्यानं चहाचा कप बाजूला सारला. ‘‘तुम्ही अठ्ठ्याहत्तर लिहिले असते, सर, तर आज पोरगी कृष्णाकाठला असती.’’

बावीस वर्षं मी खोटं लिहिलं आणि मृण्मयी सोडली तर त्यानं कुणाचं वाकडं झालं नाही. एकदाच खरं लिहिलं, तेही जिच्यावर सगळ्यात जास्त जीव होता तिच्यासाठी, आणि तिचाच गळा कापला गेला.

‘‘मी लिहून देतो,’’ मी म्हणालो. ‘‘मी बाकीच्यांचे जाणूनबुजून कापतो आणि हिचे कापले नव्हते, असं. मग तिची केस पुन्हा बघतील?’’

तौफिकनं मान हलवली. ‘‘अर्जाची सोय आहे. पण करू नका, सर. एकदा जाणूनबुजून म्हणालात की तुमची श्रेणी गेली. मग पुढच्या पोरांना कॉलेजची सरासरी लागेल. तुमच्या कॉलेजची सरासरी किती आहे माहिती आहे का?’’

माहिती होती. चोपन्न.

‘‘कापत राहा,’’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘‘तुमचं खोटं एकसारखं आहे तोवर पोरांचं भलं आहे.’’

परतीच्या एसटीत मला नव्या तुकडीतली पोरं आठवत होती. त्यात तीन-चार तरी ऐंशीच्या वरची होती. त्यांनी माझं काय वाकडं केलं होतं? पण कार्तिकीचं ‘‘मी कमी पडले, सर’’ हे वाक्य काही केल्या कानातून जात नव्हतं. ज्या पोरीनं मी सांगितलं तेवढं तंतोतंत करून दाखवलं, ती जन्मभर आपण कमी पडलो असं धरून बसणार होती. मृण्मयी तशीच बसली होती. महिनाभर मी रोज अर्ज लिहायचो आणि फाडायचो. मृण्मयीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, ‘‘वकील म्हणून सांगते, लिहू नका.’’ आणि फोन ठेवता ठेवता, ‘‘मुलगी म्हणून विचारलंत तर लिहा.’’

मी लिहिलं. दोन पानं, स्वच्छ अक्षरात. किती वर्षं कापले, का कापले, कुणाचे नाही कापले. कार्तिकीचे नऊ सराव पेपर जोडले. प्रशांतला शहाऐंशीला कृष्णाकाठ मिळालं आणि हिला अठ्ठ्याऐंशीला काहीच नाही, हेही लिहिलं. कुठंही स्वतःची बाजू घेतली नाही.

उत्तर ऑगस्टात आलं. अर्ध्या पानाचं. ते मला पाठ झालंय. ‘‘अर्जदार शिक्षकाने अपेक्षित गुण हेतुपुरस्सर बदलल्याची लेखी कबुली दिली असल्याने, पारख प्रणालीच्या नियमानुसार सदर शिक्षकाच्या विधानांचे वजन आजपासून शून्य करण्यात येत आहे. प्रस्तुत अर्ज हेदेखील सदर शिक्षकाचे विधान असल्याने तो विचारात घेता येत नाही. जोडलेले सराव पेपर सदर शिक्षकानेच तपासलेले असल्याने तेही ग्राह्य नाहीत. विद्यार्थिनीचा निर्णय कायम.’’ खाली एक ओळ नव्या तुकडीबद्दल होती. यापुढं महाविद्यालयाची सरासरी धरण्यात येईल.

मी ते तीनदा वाचलं. चूक कुठं आहे ते शोधत होतो, मास्तरची खोड. तर्कात चूक नव्हती. मी खोटारडा आहे हे त्यांनी माझ्या शब्दावर मान्य केलं होतं, आणि खोटारडा म्हणून माझा शब्द नाकारला होता. एकीला वाचवायला गेलो होतो, आणि नव्या तुकडीतल्या साठांना बुडवून आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डाळिंबाच्या शेडवर गेलो. लांबलचक पत्र्याचं शेड, दोन्ही बाजूंना बायका, मध्ये सरकता पट्टा. कार्तिकी आईच्या शेजारी उभी होती, डोक्याला तसंच फडकं. चंद्रपूरला ती गेलीच नव्हती. बाहेरून बीएचा फॉर्म भरला होता. मला पाहून तिनं हात पुसले आणि बाहेर आली. मनीषाताईनं पट्ट्यावरूनच नमस्कार केला आणि मान खाली घातली. पहिल्यासारखी पाया पडायला आली नाही.

लिंबाखाली उभं राहून मी तिला सगळं सांगितलं. दहा गुण, घड्याळ, अठ्ठ्याण्णव, कृष्णाकाठ, अर्ज, उत्तर. पत्र तिच्या हातात दिलं. तिनं सावकाश वाचलं आणि नीट घडी करून परत दिलं.

‘‘म्हणजे मी कमी नव्हते पडले,’’ ती म्हणाली.

‘‘नव्हतीस. तू अगदी बरोबर होतीस.’’

ती जमिनीकडं बघत होती. मला वाटलं आता रडेल. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

‘‘प्रशांतचे कापलेत,’’ ती म्हणाली. ‘‘सगळ्यांचे कापलेत. मग माझेच का न्हाई कापले, सर?’’

मी तयारी करून आलो होतो. न्याय, खरेपणा, मृण्मयी, असलं बरंच काही मनात जुळवलं होतं. ते सगळं मी बाजूला ठेवलं.

‘‘तुझे कापायला जीव झाला नाही,’’ मी म्हणालो.

आतून कुणीतरी तिला हाक मारली. पट्टा सुरू झाला होता, क्रेट भरत आले होते. तिनं फडकं सारखं केलं.

‘‘कापायला पाहिजे होते, सर,’’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मी तिला एखाद्या गणितातली पायरी चुकल्याचं दाखवावं, तशी ती बोलली, आणि आत गेली. ती अजूनही मला सर म्हणत होती. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.